वरचीची ओटी

आमच्या कुलदेवीला चांगलं नाव आहे, पण घरात ते कोणी घेत नाही. तिला आम्ही नुसतं 'वरची' म्हणतो. मी परीक्षेत पास झालो की "वरचीची कृपा" आणि नापास झालो की "वरची बघते आहे हं". लहानपणी आम्ही तळमजल्यावर राहायचो. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात दिसल्या की मी बरीच वर्षं हात जोडत असे. बाईही कधी काही बोलल्या नाहीत. पुण्यात कोणी नमस्कार केला तर कारण विचारायची पद्धत नाही.

खरी वरची सह्याद्रीच्या एका शिखरावर असते. शिखर दाट जंगलाचं आहे आणि ते जंगल आता राष्ट्रीय उद्यानात गेलं आहे. शिखराचं नाव मी सांगणार नाही. एक तर ते आत्याला चालणार नाही. आणि दुसरं म्हणजे, आम्ही त्याच शिखरावर गेलो होतो असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. वडील गेले तेव्हा मी इतका लहान होतो की त्यांचा आवाजही मला आठवत नाही. आई त्याआधीच गेली होती. मला वाढवलं आत्यानं आणि काकानं. काकाही आता नाही. आत्या ऐंशी ओलांडून कर्वेनगरात आमच्याबरोबर राहते, बाल्कनीतल्या खुर्चीत बसून सोसायटीत कोण गाडी कशी लावतं यावर लक्ष ठेवते, आणि चुकलेल्या माणसाला वरूनच सुधारते.

तिचे गुडघे मात्र संपले होते. पलंगापासून बाल्कनीपर्यंतचा रस्ता ती भिंत धरून, मध्ये दोनदा थांबून काटायची. डॉक्टर म्हणाले, दोन्ही वाट्या बदलू या. आत्ता बदलल्या तर आजी चालत्या राहतील, आणखी उशीर केला तर अंथरूण धरतील. आत्यानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला समोर बसवलं आणि सांगितलं,

"आधी वरचीची ओटी भरून या. मग माझे गुडघे कापा, नाहीतर मान कापा."

"ओटी? कसली ओटी?"

"तुझ्या लग्नानंतरची. राहिली आहे."

माझी मुलगी तेव्हा खराडीत नोकरीला लागून पहिली पगारवाढही घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "आत्या, लग्न बरंच जुनं झालं आता. आमचं आम्हालाही आठवत नाही."

"तिला आठवतं," आत्या म्हणाली. तिनं बोट वर केलं. माझं वय काय, मला किती केस उरलेत, याचा काहीही विचार न करता मी छताकडे पाहिलं.

आमच्याकडे लग्न झालं की नव्या जोडप्यानं वर जाऊन ओटी भरायची, असा रिवाज. आमच्या वेळी काही ना काही निघालं आणि ते राहून गेलं. एरवी आत्या त्याबद्दल कधी बोलली नाही. पण ऑपरेशन म्हणजे भूल, आणि भूल म्हणजे उठले तर उठले. घरातलं एक काम अर्धवट ठेवून ती टेबलावर आडवी होणार नव्हती. बायकोनं समजावलं, मुलीनं मोबाइलवर नव्या गुडघ्यांनी नाचणाऱ्या आजीबाईंचे व्हिडिओ दाखवले. आत्या सगळं शांतपणे बघायची आणि म्हणायची, "छान नाचतात. ओटी भरली असेल त्यांनी."

म्हणजे हिशोब सरळ होता. आम्ही वर गेलो तर आत्या चालणार, नाहीतर झोपणार.

"देवी नेमकी कुठे आहे?" मी विचारलं.

"माथ्यावर."

"माथ्यावर कुठे?"

"माथ्यावर पोचलं की समोरच दिसते. चुकायला काय तो लक्ष्मी रोड आहे?"

इतक्या खात्रीनं सांगितल्यावर पुढं विचारायची माझी छाती नव्हती. दिवाळी उलटली आणि आम्ही तिघं निघालो. ओटीचं सामान बायकोनं भरलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मुलीनं पॉवर बँक घेतली. मी उत्साह घेतला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या माणसाची शिखराची सगळी कल्पना सिंहगडावर तयार होते. चढत राहायचं, धापा टाकायच्या, आणि जिथे ताक मिळतं ते शिखर. तिथे पिठलं-भाकरी असते, कांदाभजी असते, आणि आपण ज्याला आठवडाभर टाळत असतो तो ऑफिसातला माणूस असतो. पोचलो की नाही अशी शंका घ्यायला जागाच नसते. मी आयुष्यात इतक्या वेळा सिंहगड चढलो आहे की शिखर नावाच्या वस्तूबद्दल मला काही शिकण्यासारखं उरलेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

उद्यानाच्या फाटकाशी आम्हाला एक वनरक्षक बरोबर दिला गेला. त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. गडी माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पोट सांभाळून असलेला आणि बोलका. त्यानं आधी पिशवी उघडून पाहिली.

"नारळ फोडायचा नाही, साहेब. उदबत्ती नाही. आणि आत काहीच ठेवायचं नाही. तांदुळाचा दाणाही नाही."

"अहो, पण ही ओटी आहे," बायको म्हणाली. "देवीला द्यायची असते."

"दाखवा ना मॅडम. दाखवा, टेकवा आणि घेऊन या."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "साडीच्या दुकानात करतो तसंच की. बघायचं आणि परत ठेवायचं."

जीपनं आम्हाला जंगलात बरंच आत सोडलं आणि तिथून पायवाट सुरू झाली. मी वनरक्षकाला विचारलं, "देवीचं ठिकाण तुम्हाला माहीत असेलच."

"मी इकडला नाही ना, साहेब. चंद्रपूरकडचा आहो. बदली झाली इथं. आमच्याकडे जंगल सपाट राहते. वाघ राहते, पण चढ नाही राहत." तो थांबून धापा टाकायला लागला. "वाघ परवडला, साहेब."

मी त्याला आनंदानं टाळी दिली. आपल्याइतकाच अडाणी वाटाड्या मिळणं हे फार कमी लोकांच्या नशिबी असतं.

झाडी अशी की वर आकाश नाही आणि खाली उजेड नाही. खोडांवर शेवाळ, फांद्यांवरून लोंबणारे जाड वेल, आणि वर कुठेतरी उड्या मारत आमची चेष्टा करणारी माकडं. त्यात धुकं उतरलं. पहिल्यांदा ते छान वाटलं, बायकोनं दोन फोटोही काढले. मग पुढचा माणूस दिसेना. मग आपलेच बूट अंधुक दिसायला लागले. आम्ही चढत राहिलो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की आपण चढत नाही आहोत. जमीन सपाट झाली होती.

"पोचलो!" मी दोन्ही हात वर करून जाहीर केलं.

"कशावरून?" बायकोनं विचारलं.

मी आजूबाजूला पाहिलं. ताक नव्हतं. पाटी नव्हती. खाली बघायला दरी नव्हती, कारण चारी बाजूंना झाडंच होती. आम्ही वर आहोत याचा एकही पुरावा नव्हता. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एखाद्या दाट बागेत धुकं सोडून कुणी आम्हाला उभं केलं असतं, तरी फरक कळला नसता.

मुलीनं मोबाइल काढला. "बाबा, वेट. मी लोकेशन चेक करते." तिनं पडदा दोन बोटांनी ताणला, परत जवळ आणला, मोबाइल हलवला. "ओके, धिस इज वीअर्ड. आपण धरणाच्या पाण्यात उभे आहोत."

"तरीच मला गार वाटत होतं," बायको म्हणाली.

वनरक्षक म्हणाला की पलीकडे जमीन पुन्हा थोडी चढते, म्हणजे माथा तिकडे असावा. आम्ही तिकडे गेलो. तिथून बघितलं तर आधीची जागा उंच वाटली. परत आलो, तर पलीकडची. पायानं चाचपडत, कोणता पाय आधी दुखतो यावरून चढ ठरवत आम्ही त्या धुक्यात किती फेऱ्या मारल्या ते मला सांगता येणार नाही. वनरक्षक शेवटी एका मुळीवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही ठरवा, साहेब. मी त्यालाच शिखर म्हणतो."

इतका समजूतदार सरकारी माणूस मी आजवर पाहिला नाही.

मग देवी शोधायची ठरली. आत्यानं सांगितल्याप्रमाणे ती समोरच दिसायला हवी होती. आणि दिसलीही. अडचण एवढीच की तिघांना तीन ठिकाणी दिसली.

बायकोला एका प्रचंड झाडाच्या बुंध्याशी गुळगुळीत, उभा दगड सापडला. त्यावर तांबूस डाग होता. "शेंदूर आहे," ती म्हणाली. "शेवाळ आहे," मुलगी म्हणाली. "तांबडं शेवाळ?" "आई, नेचरमध्ये सगळे कलर्स असतात." मुलीला झाडीपासून जरा बाजूला उघडा कातळ मिळाला होता आणि त्याच्या मधोमध कुणी रचून ठेवावेत असे दगड होते. "हे मॅनमेड आहे, ऑब्व्हियस आहे," ती म्हणाली. बायको म्हणाली, "ऑब्व्हियस असतं तर आपण मघाशी त्यावर बसून चिक्की खाल्ली नसती."

मला दोन्ही पटेनात. वरची अशी आडबाजूला, लाजत बसलेली कशी असेल? मी थोडा पुढे गेलो आणि खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. समोर धुक्यात एक भला मोठा, काळाभोर, गोलसर पाषाण होता. कुणालाही न विचारता कळावं असा. मी बूट काढले. बायकोच्या हातातून खणासकट ओटी घेतली, चार पावलं पुढं झालो आणि डोळे मिटून म्हणालो, "आई, उशीर झाला, पण आलो. आमच्या आत्याचे गुडघे तेवढे..."

"साहेब," मागून वनरक्षक अगदी हळू आवाजात म्हणाला, "हलू नका."

मी डोळे उघडले. पाषाण उभा राहत होता.

आधी मागचा भाग उठला, मग पुढचा, मग त्याला शिंगं आली. तो गवा होता. आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीएवढा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हिरव्या खणाकडे पाहिलं, नाकातून एक मोठा श्वास सोडला आणि धुक्यात निघून गेला. त्यानंतर मी धावलो एवढं मला माहीत आहे. मोज्यांवर धावलो, आणि नारळ सोडला नाही. बूट वनरक्षकानं आणून दिले.

त्यानंतर बायकोनं तिच्या दगडाला ओटी टेकवली. मुलीनं तिच्या दगडांना टेकवली. मग सगळं सामान पिशवीत परत भरून आम्ही खाली आलो, आणि गाडीत बसल्यावर तिघांच्याही मनात एकच प्रश्न आला. आत्याला काय सांगायचं?

खरं सांगितलं तर ऑपरेशन गेलं. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथे आम्ही गोष्ट पक्की केली. मोठं झाड, झाडाखाली देवी, शेंदूर, सुंदर दर्शन, ओटी भरली, मन भरून आलं. मन भरून आल्याचं वाक्य माझं होतं. पुण्यापर्यंत आम्ही तालीम केली. मुलगी "शेंदूर" म्हणताना हसायची, म्हणून तिला ते वाक्य दिलं नाही.

आत्या वाट बघत होती. मी नाट्यमय श्वास घेऊन सुरुवात करणार, तोच ती म्हणाली, "तू बाहेर थांब. आधी मुलीला पाठव. मग सूनबाई. तू शेवटी."

तोंडी परीक्षा! शाळेत ती अशीच एकेकीला आत बोलवायची. मी आणि बायको दाराला कान लावून उभे राहिलो. आतून मुलीचा आवाज आला, मोठं झाड, सुंदर दर्शन, अगदी ठरल्याप्रमाणे. मला अभिमान वाटला. मग आत्यानं विचारलं,

"चपला कुठे काढल्यास?"

चपलांची तालीम आम्ही केलीच नव्हती.

"शूज? शूज मी कातळावर... म्हणजे झाडाजवळचा कातळ होता ना..."

"बरं. आईला पाठव."

बायको म्हणाली, झाडाच्या मुळाशी. मी आत गेलो. आत्या डोळे मिटून बसली होती. "तू कुठे काढलेस?"

"मी कुठे काढले ते माहीत आहे, आत्या, पण मी ते स्वतः परत आणले नाहीत," असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तिथे सगळं संपलं.

"तिघंही या आत," ती म्हणाली. "आता खरं सांगा."

मग आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. झाड, कातळ, शेंदूर, शेवाळ, गवा, धरणाचं पाणी. बायको म्हणाली, माझाच दगड खरा होता. मुलगी म्हणाली, आई, डोन्ट स्टार्ट अगेन. मी म्हणालो, तुमचे दगड निदान जागेवर तरी राहिले, माझी देवी उठून गेली.

"उठून गेली?" आत्यानं डोळे उघडले.

"हो. माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली."

"तुला बघून कोणीही उठून जाईल," आत्या म्हणाली, आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि बायकोला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन, पदरानं डोळे पुसून ती माझ्याकडे वळली.

"तुझा बाप वर जाऊन आला होता लहानपणी. काकापण. तुझे आजोबा दोघांना बरोबर घेऊन गेले होते. बाप सांगायचा, देवी झाडाखाली आहे. काका म्हणायचा, झाड कुठलं, उघड्या कातळावर आहे. यावरून दोघं माझ्यासमोर मारामारी करायचे. आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, दोघंही गाढव आहेत. पुढं काही बोलले नाहीत. मी इतकी वर्षं समजत होते की दोघांपैकी एक खोटं बोलतोय."

"आणि तुला कुठे दिसली, आत्या?"

"मी गेलेच नाही."

ज्या जागेचं कौतुक ऐकत मी मोठा झालो, जिच्या धाकानं मी अभ्यास केला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना नमस्कार घातले, ती जागा या बाईनं पाहिलीच नव्हती!

"लग्नाआधी मुलींना नेत नसत. वाट वाईट आहे म्हणायचे."

"अगं, पण तू तर म्हणालीस, माथ्यावर पोचलं की समोरच दिसते!"

"ते दोघंही तसंच म्हणायचे. तेवढं एकच त्यांचं जुळायचं."

"पण ओटी भरली हो, आत्या," बायको घाईघाईनं म्हणाली. "तीन वेळा भरली. त्यातली एक तरी पोचलीच असेल."

"तीन ठिकाणी भरली म्हणजे एकही नक्की नाही. आणि एक तर पळून गेली." आत्या काही वेळ खिडकीबाहेर बघत बसली. खाली कुणीतरी स्कूटर वाकडी लावली होती. ती त्या माणसाला काहीच बोलली नाही. ऑपरेशन गेलं, मी मनात म्हटलं. आता ही पलंगावरून उठायची नाही, आणि हे आपल्या मूर्खपणामुळे झालं.

"आजोबा गेले, बाप गेला, काका गेला, आता तुम्ही तिघं गेलात," आत्या म्हणाली. "एवढी माणसं जाऊन आली आणि एकालाही नीट सांगता येत नाही. उत्तर काढायला जायचं असतं, अंदाज घेऊन परत यायचं नसतं." मग तिनं माझ्याकडे बघून हात पुढे केला. "मोबाइल दे. त्या डॉक्टरला लावून दे."

"आत्ता? कशाला?"

"नवे गुडघे डोंगर चढतात का, ते विचारायचंय."

डॉक्टरांनी फोनवर काही सांगितलं नाही, या म्हणाले. आम्ही तिला खुर्चीसकट गाडीपर्यंत नेलं. डॉक्टर बोलायला मोकळे, पण शब्द जपून वापरणारे. त्यांनी आत्याचा प्रश्न ऐकला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी समोरच्या भिंतीवरचा मानवी सांगाडा फार लक्षपूर्वक बघायला लागलो.

"कुठला डोंगर?" त्यांनी विचारलं.

"आहे एक. सगळं जंगलच आहे. धुकं पडतं. गवे आहेत," आत्या म्हणाली. "यांना तिथे एक काम सांगितलं होतं, त्यांना जमलं नाही."

"व्यायाम मनापासून केलात, घाई केली नाहीत, तर थोडं चढणं जमू शकेल," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मी वचन देत नाही. उतरताना मात्र फार जपावं लागेल. उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो."

"उतरायचं नंतर बघू," आत्या म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला त्यांना कुठला दिवस मोकळा आहे ते विचारलं.